गाडीवरचा वडा, घरची कढई

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

घरचा वडा चांगला होतो, पण गाडीवरच्यासारखा लागत नाही, ही बाबांची तक्रार. त्यावर आईचं ठरलेलं उत्तर असतं की त्यांचा मसाला वेगळा. मसाला वेगळा नसतो. दादर-गिरगावच्या गाड्यांवर वड्यात बटाटा, लसूण, मिरची, आलं, हळद, हिंग, कढीपत्ता आणि कोथिंबीर यापलीकडे फारसं काही जात नाही, आणि हे सगळं आईच्या ओट्यावर आहे. फरक पडतो तो कढईच्या आकाराने, कामाच्या क्रमाने आणि कढईतून निघालेला वडा तोंडात जाईपर्यंतच्या वेळाने. गाडीवर गिऱ्हाईक समोर उभं असतं. घरी सगळे वडे तळून होतात, पानं घेतली जातात, कोणीतरी पाणी आणायला जातं. तोवर आतल्या गरम बटाट्याची वाफ आवरणातूनच बाहेर पडते आणि आवरण मऊ पडतं. झाकण ठेवलं की संपलंच.

म्हणून पहिली गोष्ट ही की तळणीच्या वेळी बाबांनी स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसायचं. पहिला घाणा खाऊन झाल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

आता सारण. अर्धा किलो बटाटे घ्या, पण नवे, पातळ सालीचे नकोत. त्यात पाणी जास्त असतं आणि सारण चिकट होतं. साठवणीचा जुना बटाटा बरा. सालासकट उकडा, बाहेर काढून पूर्ण निवू द्या आणि मगच सोला. गरम बटाटा कुस्करला किंवा किसणीतून काढला की त्यातला स्टार्च सुटून लगदा होतो. गाडीवाले हाताने फोडतात, हरभऱ्याएवढे तुकडे राहू देतात, म्हणून चावताना बटाटा कळतो. आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि तीन-चार मिरच्या खलबत्त्यात ठेचा. मिक्सरला लावलंत तर पाणी घालावं लागतं आणि तेच पाणी सारणात उतरतं. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग ठेचा. लसणाचा कच्चा वास गेला की हळद घालून गॅस बंद. ही फोडणी बटाट्यावर ओता, बटाटा फोडणीत परतू नका, परतला की कोरडा पडतो. मीठ, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस. एवढ्यात दहाएक वडे होतात. गोळे आधीच वळून ठेवायला हरकत नाही, फक्त फ्रीजमधून काढून थेट तळू नका. वरून तांबूस आणि आतून गार असा वडा होतो.

खरी गडबड पिठात होते. दीडशे ग्रॅम बेसनाला साधारण तेवढंच पाणी लागतं, पण एकदम ओतायचं नाही. आधी निम्म्या पाण्यात घट्ट कालवून गुठळ्या मोडायच्या, मग थोडंथोडं वाढवायचं. पीठ चमच्याच्या पाठीवर टिकलं पाहिजे आणि त्यात बोटाने ओढलेली रेघ भरून येता कामा नये. पातळ झालं तर तेलात गेल्यागेल्या आवरण सुटतं, सारण उघडं पडतं आणि तेल आत शिरतं. फार घट्ट झालं तर आवरणाचा आतला थर कच्चा राहतो. त्यात मीठ, हळद, एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन आणि सोडा चिमूटभरच. आई, तू सोडा सढळ हाताने घालतेस. सोडा जास्त झाला की आवरणाला बारीक भोकं पडतात आणि वडा तेल पितो. शिवाय सोड्याने हळद लालसर होते, त्यामुळे वडा शिजण्याआधीच तळल्यासारखा दिसतो आणि आपण लवकर काढतो.

तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसला तरी पिठाचा थेंब टाकून कळतं. तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे, पडताक्षणी काळपट व्हायला लागला तर जास्त तापलंय, खाली जाऊन लगेच वर आला की बरोबर. गाडीवरच्या रुंद कढईत कित्येक लिटर तेल असतं, त्यात दहा-बारा वडे सोडले तरी ताव फारसा उतरत नाही. आपल्या कढईत पाऊण लिटर. तिच्यात सहा वडे सोडले की ताव एकदम खाली येतो आणि वडे तळले जाण्याऐवजी तेलात मुरतात. घरचा वडा तेलकट होण्याचं निम्मं कारण हेच. तीनच सोडा. पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नका, आवरण धरू द्या, मग उलटा. चार मिनिटांत होतो. दोन घाण्यांमध्ये तेल पुन्हा तापू द्या.

एक मौज बघा. अगदी ताज्या तेलातला पहिला घाणा फिकट येतो, दुसऱ्या-तिसऱ्याला रंग चांगला चढतो. गाडीवर संध्याकाळी वडा जास्त खमंग लागायचा त्यात याचाही वाटा असणार. पण म्हणून घरी तेल साठवून पुन्हापुन्हा तापवू नका. तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की त्यात ध्रुवीय घटक तयार होतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ते घरी मोजता येत नाही, पण तेलावर फेस धरायला लागला, लवकर धूर यायला लागला किंवा ते दाट झालं की टाकून द्यायचं. तळणीचं तेल गाळून पुढच्या दोन दिवसांत फोडणीला संपवलं तर उत्तम.

आता चुरा. पीठ हातावरून कढईत ठिबकतं, त्याचे कुरकुरीत कण होतात. ते टाकून द्यायचे नसतात. दादरला कीर्ती कॉलेजच्या गल्लीत तर वड्यापेक्षा चुऱ्याचंच नाव जास्त. कण झाऱ्याने गाळून कागदावर काढा. अर्धी वाटी सुकं खोबरं मंद आचेवर नुसतं परता, बदामी झालं की लगेच बाजूला, कारण गरम कढईत ठेवलं तरी ते करपत राहतं. पंधरा पाकळ्या लसूण सालासकट चमचाभर तेलात कोरडा होईपर्यंत परता. मग दोन्ही निववून, दोन चमचे लाल तिखट, मीठ आणि मूठभर चुरा घालून भरड वाटा. गरम असताना वाटलं तर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. लसूण ओला राहिला तर चटणी आठवडाभरही टिकत नाही. फ्रीजमध्ये ठेवा, खवट वास आला की मोह नको. मिरच्या तळायच्या तर आधी मधोमध चीर द्या. नाहीतर मिरची तेलात फुटते आणि चेहऱ्यावर उडते.

पाव त्याच दिवशीचा, लादीतून तोडलेला, न भाजलेला. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. कामाच्या पाळीला धावणाऱ्या माणसाला उभ्याने, एका हाताने, ताटाशिवाय खाता येईल असा तो पदार्थ होता. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावात कितीतरी घरांना गाडीनेच हात दिला. पाव भाजला की तो कडक होतो. मऊ पाव वड्याची वाफ आणि चटणीचं तेल शोषून घेतो. आणि बाबा, वर्तमानपत्रात बांधण्याची हौस सोडा, गरम तेलात छपाईची शाई उतरते. कोरा कागद घ्या.

भेळेचं दुखणं वेगळं. तिथे सगळा जीव कुरमुऱ्यात असतो आणि कुरमुरा हवेतलं पाणी फार पटकन ओढतो. पावसाळ्यात तर पिशवी फोडल्यापासून तासाभरात तो वातड होतो. दोघांसाठी तीन वाट्या कुरमुरे कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवा आणि पसरून निववा. चिंचेची चटणी आदल्या दिवशी करा: चिंच आणि खजूर पन्नास-पन्नास ग्रॅम, गूळ पाऊणशे ग्रॅम, दीड वाटी पाणी, दहा मिनिटं उकळून गाळायचं, मग जिरेपूड, थोडी सुंठ, काळं मीठ. निवल्यावर ती सैलसर मधाइतकी दाट हवी. पाण्यासारखी राहिली तर कुरमुरे जागीच बसतात. हिरव्या चटणीत चमचाभर डाळं वाटून घाला, म्हणजे पाणी वेगळं होत नाही.

मग क्रम. मोठं पातेलं घ्या, कारण लहान भांड्यात भेळ कालवली जात नाही, दाबली जाते. आधी कुरमुरे, चुरलेल्या चार पुऱ्या, फरसाण, उकडलेला बटाटा, आणि कैरी असली तर कैरी. कांदा अगदी शेवटी चिरायचा आणि मीठ वरून घालायचं नाही, मिठाने कांद्याला पाणी सुटतं. चटण्यांमध्ये, फरसाणात मीठ आहेच, आणि काळं मीठही शेवटी मीठच, त्याने बीपी वाढत नाही असं समजू नका. दोन चमचे चिंच, एक चमचा हिरवी, आठ-दहा वेळा खालून वर फिरवायचं, लिंबू, कोथिंबीर, शेव, आणि लगेच खायचं. बाबांच्या कवळीला कुरकुरीत भेळ त्रास देते, त्यांच्यासाठी ती पाच मिनिटं मुरू द्या. थोडी बसलेली भेळही वाईट लागत नाही, चिंच आतपर्यंत जाते.

चौपाटीवरच्या शेंगदाण्यांसारखे दाणे घरी करायचे तर वाळू नको, जाडं मीठ वापरा. तत्त्व तेच, उष्णता दाण्याच्या चारी बाजूंनी सारखी लागते, म्हणून एका बाजूने करपत नाही. लोखंडी कढईत अर्धा किलो मीठ दहा मिनिटं तापवा, वाटीभर दाणे घाला, मध्यम-मंद आचेवर सहा-सात मिनिटं सतत हलवा. दाणे तडतडायला लागले की एखादा काढून सोलून बघा. आतून हलका पिवळा झाला असेल तर झालं, तांबूस होईपर्यंत थांबलात तर बाहेर काढल्यावर आतल्या उष्णतेने आणखी पुढे जातात आणि कडवट होतात. गरम दाणा मऊच असतो, कुरकुरीत होतो तो निवल्यावर. चाळणीने चाळा. त्या फेरीवाल्याच्या ढिगावर निखाऱ्यांचं छोटं मडकं ठेवलेलं असायचं, ते भाजण्यासाठी नव्हतं, भाजलेले दाणे गरम आणि कोरडे राहावेत म्हणून होतं. कढई मिठासकट जड होते, आईने ती उचलायची नाही. मीठ तिथेच गार होऊ द्या, बरणीत भरा, पुढच्या वेळी तेच चालतं, रंग करडा झाला तरी.

मटका कुल्फीबद्दल थोडंच. एक लिटर म्हशीचं दूध आटवून चारशे मिलीलिटरच्या आत आणायचं. कमी आटवलं की उरलेल्या पाण्याचे खडे होतात, घरच्या कुल्फीत बर्फ लागतो तो याच कारणाने. साखर पाच चमचे पुरे, दूध आटल्यावर घालायची. मटकेवाला बर्फात मीठ का घालतो हे आईने मागे विचारलं होतं. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घातलं की मिश्रण शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतं, नुसत्या बर्फात कुल्फी धरतच नाही. आता फ्रीझर आहे, तो खटाटोप नको. साचे भरून फ्रीझरच्या तळाला ठेवा आणि रात्रभर दार उघडू नका.

सुरुवात वड्यांपासूनच करा, तेही तीनच तळून बघा. बाकीचे गोळे झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहतात, तळण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचे.

तुमची
लेक

ता. क. बेसन आणताना वास घेऊन बघा. जुनं बेसन कडवट लागतं आणि पिठात कितीही हिंग घातला तरी ते झाकत नाही. आणि वड्याला बारीक दळलेलंच घ्या, लाडवाचं रवाळ बेसन तेलात सुटतं.