नागेश्वरच्या वाटेवर भेटलेल्या मंडळींचे आभार

वासोट्याशेजारच्या नागेश्वरहून कोकणात चोरवण्याकडे उतरणारी वाट म्हणजे उभा उतार आणि पायाखाली घसारा. गेल्या महिन्यात तिथं माझ्या धाकट्या भावाचा पाय सटकला, घोटा टम्म सुजला. आम्ही साताऱ्याचे, खाली ओळखीचं कुणी नाही.

दर्शनाला वर चाललेली तुम्ही मंडळी थांबलात. काकांनी कारवीच्या वाळक्या काठ्या घोट्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि खांद्यावरचं उपरणं फाडून घट्ट बांधलं. (चांगलं कोरं होतं हो!) मग पाळीपाळीनं त्याला पाठुंगळी घेऊन थेट गावात उतरवलंत. तुमचं दर्शन राहिलं म्हटलं, तर आजी म्हणाल्या, "देव कुठं पळून चाललाय?" पैसे तर घेतले नाहीतच, वर भाकरी बांधून दिलीत.

मनापासून आभार. हाड मोडलेलं नाही, भाऊ आता काठीशिवाय चालतो. काकांसाठी उपरणं घेऊन ठेवलंय, शिवरात्रीला आणतो.