दोर दोन, लूप मात्र एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की सह्याद्रीत रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, बॅचेस सुरू होतात. नेमक्या याच दिवसांत, २३ ऑक्टोबरला, टॉड स्किनर या अमेरिकन प्रस्तरारोहकाचा स्मृतिदिन येतो. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानामधल्या लीनिंग टॉवर या कड्यावरून दोराने खाली उतरत असताना तो सुमारे दीडशे मीटर कोसळला. आणखी पाच दिवसांनी त्याला ४८ वर्षे पूर्ण झाली असती. आपल्याकडे कातळावर चढणाऱ्यांना त्याचे नाव ठाऊक असते, तो कशाने गेला हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. दोर तुटला नव्हता, कातळात ठोकलेला बोल्ट निखळला नव्हता, दगडही पडला नव्हता. तुटला तो हार्नेसच्या (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या) पुढच्या बाजूचा, तळहाताएवढा बीले लूप, म्हणजे दोरावर उतरायचे साधन ज्यात अडकवतात ती शिवलेल्या पट्टीची कडी.

आधी त्या माणसाविषयी थोडे. वायोमिंगमधल्या पाइनडेल गावचा टॉड १९८८ साली पॉल पियाना याच्यासोबत योसेमिटीतल्याच एल कॅपिटन कड्याच्या साधारण ९०० मीटर उंच भिंतीवरची सलाथे वॉल ही वाट फ्री पद्धतीने चढला. फ्री म्हणजे वर सरकायचे ते फक्त हातापायांच्या जोरावर, दोर आणि मेखा केवळ पडलो तर धरण्यासाठी. त्याआधी ही वाट अशी कुणी चढले नव्हते. माथ्यावर पोहोचल्यावर दोघांनी ज्या प्रचंड दगडाला दोर बांधले होते तोच जागचा सुटला, दोर कापले गेले, पियानाचा पाय मोडला, टॉडच्या बरगड्या मोडल्या, तरी दोघे वाचले. १९९५ साली तो आणि त्याचे साथीदार पाकिस्तानातल्या ६,२३९ मीटर उंच ट्रँगो टॉवरवर साठ दिवस भिंतीलाच मुक्काम करून चढले. दोराला लटकून एकेक हालचाल पुन्हा पुन्हा घोटायची आणि मग सगळी वाट सलग चढायची, ही त्याची पद्धत ऐंशीच्या दशकात योसेमिटीच्या जुन्या मंडळींना बिलकूल मान्य नव्हती. त्यावरून त्याने भरपूर शिव्या खाल्ल्या. आज पुण्या-मुंबईतल्या कृत्रिम भिंतींवरची पोरेही तेच करतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

आता अपघात. लीनिंग टॉवर नावाप्रमाणेच बाहेर झुकलेला आहे, त्यामुळे तिथे दोर हवेत लोंबतो आणि उतरणाऱ्याचे पाय कातळाला लागत नाहीत. टॉड ग्रीग्री, म्हणजे दोर आपोआप धरणारे साधन, लावून उतरत होता, साथीदार वर होता. नंतर पाहिले तर ग्रीग्री आणि लॉक केलेला कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) दोरावर जसेच्या तसे लटकत होते. तुटलेला लूप नंतर पायथ्याच्या झाडोऱ्यात सापडला. लूप झिजल्याचे साथीदाराच्या आधीच लक्षात आले होते आणि त्याने टॉडला तसे सांगितलेही होते. नवा हार्नेस मागवला आहे, असे टॉडचे उत्तर होते.

इथे थोडे गणित केले पाहिजे. हार्नेससाठी जे युरोपीय मानक आहे, त्याच्या चाचणीत हार्नेसला १५ किलोन्यूटन भार सोसावा लागतो, म्हणजे ढोबळमानाने दीड टन. ७५ किलोचा माणूस दोरावरून संथपणे उतरतो तेव्हा लूपवर एक किलोन्यूटनही भार येत नाही. हिसके देत, थांबत थांबत उतरला तर दीड-दोन. एवढ्याने जो लूप तुटतो, त्याची जवळजवळ नऊ दशांश ताकद आधीच गेलेली असते. एक दिवस अचानक दगा देणारी ही वस्तू नव्हे. ती डोळ्यांदेखत झिजत असते.

मग इतक्या जाणत्या माणसाचा लूप इतका झिजला कसा? त्याचे उत्तर लूपवर कायम गुंतवून ठेवलेल्या स्लिंगमध्ये, म्हणजे शिवलेल्या पट्टीच्या फासात, आहे. बीले लूप मोकळा असला तर तो टाय-इनच्या, म्हणजे दोर ज्यांतून बांधतात त्या, कमरेच्या आणि पायांच्या दोन पट्ट्यांतून फिरत राहतो आणि झीज सगळ्या घेरावर वाटली जाते. त्याला गर्थ हिचने, म्हणजे फास स्वतःतूनच ओढून घ्यायच्या गाठीने, स्लिंग किंवा डेझी चेन (ओळीने कप्पे शिवलेली पट्टी) आवळून ठेवली की लूप जागच्या जागी अडकतो. मग दर वेळी दोरावर चढता-उतरताना, लटकताना, तोच बोटभर भाग घासतो. विहिरीच्या काठावरच्या दगडाला पोहऱ्याच्या दोराने एकाच जागी घळ पडावी तसे हे. शिवाय झिजलेली जागा त्या स्लिंगच्याच गाठीखाली झाकलेली असते. स्लिंग डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याची, म्हणजे आठ-दहा मिलिमीटर रुंदीची असेल, तर ती जाड नायलॉनच्या टेपपेक्षा अधिक कापते. मोठ्या भिंतीवर आठवडेच्या आठवडे जुमार मारत, म्हणजे दोर पकडणाऱ्या साधनाने दोरावर चढत, काम करणाऱ्याच्या लूपला किती घासावे लागत असेल, याचा अंदाज करता येईल.

आपल्याकडे मोठ्या भिंतींवर राहणारे मोजके. हार्नेस अंगावर चढवणारे मात्र हजारो आहेत, आणि त्यातले बहुतेक सांधण दरीत, नागफणीला, कोकणकड्यावर किंवा विहीगावच्या धबधब्यावर आयुष्यात पहिल्यांदा दोरावर येतात. त्यांना हमखास सांगितले जाणारे वाक्य म्हणजे, ‘घाबरू नका, दोन दोर आहेत.’ खरे आहे, दोर दोन असतात. एक उतरायचा, दुसरा बीलेचा, म्हणजे घसरलो तर सांभाळणारा, आणि वर ज्यांना ते बांधतात ते दोन्हींचे अँकरही वेगळे. पण खाली काय होते ते जवळ जाऊन पाहावे. आठाच्या आकाराचा एट किंवा दुसरा डिसेंडर, म्हणजे उतरायचे साधन, बीले लूपमध्ये, आणि बीलेच्या दोराच्या टोकाला आठची गाठ मारून अडकवलेला कॅराबिनरही त्याच बीले लूपमध्ये. कधी कधी तर दोन्ही एकाच कॅराबिनरमध्ये. म्हणजे अँकर दोन, दोर दोन, आणि सगळे येऊन टांगले आहे एका पट्टीवर. स्वतः उतरणारे लीडरही प्रुसिक, म्हणजे दोरावर आवळली जाणारी बारीक दोरीची गाठ, त्याच लूपला लावतात आणि बॅकअप आहे म्हणून निर्धास्त असतात. लूप गेला तर डिसेंडर आणि प्रुसिक एकदमच जातात.

असे का करतात, तेही उघड आहे. बीलेचा दोर सहभागी माणसाच्या दोन्ही टाय-इन पट्ट्यांतून ओवून आठची गाठ मागे फिरवून बांधायची आणि तपासायची म्हटले तर माणशी दीड-दोन मिनिटे जास्त लागतात. चाळीस जणांची बॅच असेल तर तास-सव्वातास. अंधार पडायच्या आत सगळे खाली हवेत, म्हणून कॅराबिनर टक्कन अडकवतात. आमचे म्हणणे असे, की चाळीसऐवजी पंचवीस जणांची बॅच घ्या, पण बीलेचा दोर टाय-इनमधूनच बांधा. ते जमतच नसेल तर ६० सेंटिमीटरची शिवलेली नायलॉनची स्लिंग वरच्या आणि खालच्या टाय-इन पट्टीतून ओवून घ्यावी, तिची दोन्ही टोके एका लॉकिंग कॅराबिनरमध्ये घालावीत आणि बीलेचा दोर त्याला लावावा. डिसेंडर बीले लूपवर राहू दे. अशा स्लिंगची ताकद २२ किलोन्यूटन असते आणि बीले लूपशी तिचा काही संबंध राहत नाही. काही जण स्लिंग न वापरता कॅराबिनर थेट दोन्ही टाय-इन पट्ट्यांत घालतात, ते करू नये. कॅराबिनर आडवा फिरतो, भार त्याच्या उघडणाऱ्या बाजूवर, गेटवर, येतो, आणि आडव्या भाराला त्याची ताकद जेमतेम सात किलोन्यूटनच्या आसपास असते.

तपासणीचे म्हणाल तर बकलमधून पट्टी मागे फिरवून परत ओवली आहे की नाही, हे आता बहुतेक जण पाहतात. लूपकडे कुणी बघत नाही. त्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. लूपवर जे काही अडकवले असेल ते सगळे आधी काढा, गर्थ हिच तर नक्कीच. लूप हाताने पूर्ण फिरवा, म्हणजे टाय-इन पट्टीखाली लपलेला भाग बाहेर येईल. बोटावर घडी घालून एकेक सेंटिमीटर पुढे सरकवत कडा पाहा. थोडी लव सगळीकडे सारखी आली असेल तर ते वापराचे लक्षण आहे. पण एकाच जागी लव दाट आहे, तिथे पट्टी पातळ लागते आहे किंवा कडेचे धागे तुटले आहेत, असे दिसले तर तो हार्नेस संपला. काही कंपन्या पट्टीच्या आत वेगळ्या रंगाचा धागा घालतात. तो दिसला की मुकाट्याने हार्नेस बाजूला ठेवायचा. एखादी जागा चकचकीत आणि कडक लागली तर तिथे नायलॉन वितळलेले असते. घाईत उतरून तापलेला एट थेट पट्टीला टेकला की असे होते. टाके घातलेल्या जागी एखादा दोरा जरी उसवला असेल तरी तेच. यानंतर खालची, म्हणजे पायांच्या पट्ट्या जोडणारी टाय-इन पट्टी पाहा. ज्यांच्या हार्नेसला दोर नेहमी बांधला जातो, त्यांची ही पट्टी बऱ्याचदा लूपच्याही आधी झिजते.

वय किती चालते, असे हमखास विचारतात. अगदी कपाटात पडून राहिला तरी दहा वर्षांनंतर वापरू नये, असे बहुतेक कंपन्या सांगतात. दर शनिवारी-रविवारी तीस-चाळीस अंगांवर चढणाऱ्या हार्नेसला हे दहा वर्षांचे गणित लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. एवढ्या वापराला वर्ष-दोन वर्षांत तो बदलावा लागतो, आणि धबधब्यावरचा असेल तर त्याहून लवकर. ओल्या पट्टीत कातळाची बारीक कच शिरते आणि आतून धागे कापत राहते. म्हणून पावसाळी बॅचनंतर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. रेलिंगवर उन्हात टाकू नका, नायलॉनची ताकद उन्हाने जाते. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारीही हार्नेसची गोणी ठेवू नका. बॅटरीच्या ॲसिडच्या नुसत्या वाफेनेही नायलॉन कुजते, आणि ते वरून दिसत नाही.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना नोंदणी करावी लागते, हे चांगलेच आहे. पण नोंदणीचा कागद लूप तपासत नाही. पैसे भरून येणाऱ्यांनी जागेवर दोनच गोष्टी विचाराव्यात. हा हार्नेस वापरात कधी आला? त्यावर मार्करने महिना आणि वर्ष लिहिलेले असले पाहिजे, आणि आयोजकाच्या वहीत त्याचा क्रमांक. आणि माझा बीलेचा दोर कशाला बांधला आहे? बोट लावून दाखवायला सांगा. त्यावर लीडर चिडला, तर उतरू नका.

उरतो तो बाद झालेल्या हार्नेसचा प्रश्न. आपल्याकडे वस्तू टाकवत नाही. जुना हार्नेस कॉलेजच्या हायकिंग ग्रुपला दिला जातो, ऑनलाइन विकला जातो, नाहीतर ‘डेमोसाठी’ म्हणून खोलीत टांगून ठेवतात. नवा मागवला आहे, तो येईपर्यंत हा चालेल, असेही म्हणतात. यातले काहीच करू नये. बाद ठरवला त्याच दिवशी कात्रीने बीले लूप आणि दोन्ही टाय-इन पट्ट्या कापून टाकाव्यात. नुसते ‘बाद’ असे लिहून ठेवलेला हार्नेस पुढच्या मोठ्या बॅचला चार नग कमी पडले की पुन्हा बाहेर निघतो.

आपले,
प्रस्तरारोहणाचे काही प्रशिक्षक, पुणे