आधी क्रिएटिनिन तपास

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलता बोलता सांगून टाकलंस की प्रेशर १४८/९२ निघालं आणि तू ते पोटॅशियमवालं मीठ आणलंयस. मी नुसतं 'बरं' म्हटलं. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर माझा आवाज भरून येतो आणि तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते आहे.

क्रिएटिनिन तपासलंस का? मूत्रपिंडं नीट चालतात का, ते सांगणारी रक्ताची तपासणी.

मीठ कमी कर, पोटॅशियम वाढव, हे डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच आहे. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला निदान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम जावं आणि मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटॅशियम पुरेसं असलं की मूत्रपिंडं जास्तीचं सोडियम बाहेर टाकतात, रक्तवाहिन्याही सैलावतात. तुझं जेवण मला माहीत आहे. पाकिटातलं, खारट, तेही उभ्या उभ्या. पोटॅशियम म्हटलं की सगळ्यांना केळंच आठवतं, पण मध्यम केळ्यात ४२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. सालासकट भाजलेल्या बटाट्यात त्याच्या दुप्पट. शिजवलेल्या कपभर मसुरात ७०० च्या वर, शिजवलेल्या कपभर पालकात ८०० च्या पुढे. शिवाय राजमा, रताळं, टोमॅटो, दही, संत्रं. रोज यातलं दोन-तीन वेळा काहीतरी पोटात गेलं पाहिजे. आणि एका जागी बसून खा, किती वेळा सांगितलंय...

बघ, लागले बोलायला. रागावू नकोस. तू आता लहान नाहीस, स्वतःहून तपासून घेतलंस याचं मला खरंच कौतुक वाटलं. बाबांनी कधी घेतलं नाही.

हे आकडे मला पाठ आहेत ते उलट्या कारणाने, बाबांच्या थकलेल्या मूत्रपिंडांमुळे. फ्रिजवर चिकटवलेला कागद आठवतो? तीच यादी, फक्त वर मोठ्या अक्षरांत 'नको' लिहिलेलं. पोटॅशियम पाण्यात उतरतं म्हणून चार वर्षं मी बटाट्याच्या बारीक फोडी भरपूर पाण्यात उकळल्या आणि ते पाणी ओतून दिलं. 'चवही ओतून दिलीस गं,' असं बाबा एकदा म्हणाले, तेव्हा मी केवढी चिडले त्यांच्यावर. नको होतं चिडायला.

जास्तीचं पोटॅशियम बहुतेक सगळं लघवीवाटेच जातं. मूत्रपिंडं थकली की रक्तात साठतं. रक्तात ते लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोलच्या दरम्यान हवं. त्या रात्री बाबांचं ६.९ होतं. दुखत काहीच नव्हतं, पाय जड झालेत एवढंच म्हणाले. ईसीजीचा कागद बघून डॉक्टरांची धावपळ सुरू झाली. तू अठरा वर्षांचा होतास. बाबांची चाकाची खुर्ची ढकलता ढकलता मागे वळून म्हणालास, 'आई, तू बस, मी आहे.'

तुला आणि ताईला एक गोष्ट कधी सांगितली नाही. त्याआधी तीन आठवडे मी तसलंच मीठ वापरत होते. 'कमी सोडियम' वाचून मीच आणलं होतं. सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात, हे मला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं.

तुझी मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर ते मीठ तुला उपयोगाचंच आहे. पण ती तशी आहेत हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. प्रेशरची गोळी कुठली दिली तेही बोलला नाहीस. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असेल तर तिने पोटॅशियम वाढू शकतं. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याचशा गोळ्यांनी उलट कमी होतं. मीठ आणलंय हे डॉक्टरांना सांग. लपवू नकोस.

तोवर डबा बंद करून वर ठेव. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही तपास, आणि रिपोर्टचा फोटो पाठव. 'ठीक आहे' असं नुसतं लिहू नकोस, मला आकडे हवेत.

तुझी,
आई