ड्रेनेज बिलाच्या खिडकीमागच्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तिप्पट आलेलं बिल तुमच्या काउंटरवर आपटणारा तो माणूस मीच. तुम्हाला आठवत नसेन, आपटणारे बरेच येत असणार. तुम्ही आवाज न चढवता एवढंच विचारलंत, "रात्री सगळे नळ बंद करून मीटर पाहिलात का?" त्यावर मी काय मीटर रीडर आहे का, असं काहीतरी फाडकन बोललो होतो. त्याची आधी माफी मागतो, मग आभाराकडे वळतो.

माझा मुद्दा मला बिनतोड वाटत होता. सांडपाण्याला मीटरच नाही, तर आकार लावता कशावर? तुम्ही म्हणालात, मीटर नाही म्हणूनच तर घरात आलेल्या पाण्यावरून हिशोब धरतात. जे आलं ते बहुतेक ड्रेनेजमध्येच गेलं, असं गृहीत. ते माझ्या बाबतीत खोटं असेल, तर दाखवून द्यायचं मी. हरकत अर्जाचा कागद पुढे सरकवताना एक गोष्ट मात्र बजावलीत: अर्ज दिला म्हणून बिल अडवून धरू नका. नेहमीच्या वापराएवढी रक्कम मुदतीत भरा, वादातली किती आहे ते अर्जात लिहा, पोच घ्या. मी तर एक पैसा भरणार नाही अशा तयारीनेच आलो होतो.

त्या रात्री आकडे टिपून ठेवले. सकाळी पाहतो तर पेलाभरही पाणी न वापरता मीटर पुढे सरकलेला. मग तुमची रंगाची युक्ती. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकला आणि अर्धा तास कुणाला आत सोडलं नाही. भांड्यात रंग उतरला. टाकीच्या तळाचं रबर झिजलं होतं, ते बदललं. मीटर मंदावला पण थांबेना, म्हणजे मीटरपासून घरापर्यंतची जमिनीखालची लाइनही गळत होती. प्लंबर तयारच होता, पण तुम्ही फोनवर थांबवलंत. मध्ये एक रात्र जाऊ द्या, रीडिंग घ्या, मगच खणा.

तेव्हा मला हा सरकारी खाक्या वाटला. कारण नंतर कळलं. फ्लशमधून वाया गेलेलं पाणी स्वच्छ असलं तरी ड्रेनेजमधूनच गेलं, पंपाने उचललं गेलं, शुद्धीकरण केंद्रातून फिरलं. त्याचा आकार माफ होत नाही. मातीत मुरलेल्या पाण्याने ड्रेनेज पाहिलंच नाही, तर त्यावरचा ड्रेनेजचा आकार वजा होऊ शकतो. मीटरवरचा १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. वाया गेलेल्यातले किती लिटर फ्लशचे आणि किती मातीत मुरलेले, हे त्या मधल्या एका रात्रीमुळे वेगळं काढता आलं. दोन्ही कामं एका दिवसात उरकली असती तर तो हिशोब कुणालाच लावता आला नसता. पाण्याचा आकार सगळाच भरावा लागला, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतंत. खोटी आशा दाखवली नाहीत, याचं मला जास्त वाटतं.

दुसरं काम तर तुमच्या टेबलाचंही नव्हतं. आमच्या पाच घरांची ड्रेनेज लाइन सामाईक. ती तुंबली की जेटिंगचा, म्हणजे यंत्राने जोराचं पाणी मारून लाइन मोकळी करण्याचा, खर्च कोण देणार यावर दर वेळी जुंपायची. सगळ्यात वरच्या घरातले काका म्हणायचे, "माझं पाणी तर सुरळीत जातं, मी का देऊ?" आणि सगळ्यात खालच्या घरात, जिथे पाणी उलटं यायचं, तिथल्या वहिनी एकट्याच पैसे मोजायच्या. तुम्ही देखभाल विभागातून नकाशा काढून दाखवलात. रस्त्यावरच्या मॅनहोलपासून पुढे शहराचं, तिथपर्यंत पाच घरांचं. मग माझ्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलने पाच चौकोन काढलेत. ज्याचं पाणी लाइनच्या ज्या तुकड्यातून जातं, त्याने त्या तुकड्याच्या खर्चात वाटा द्यायचा. काकांचं पाणी सगळ्याच तुकड्यांमधून जातं, म्हणून त्यांचा वाटा सगळ्यात मोठा. वहिनींचा फक्त शेवटच्या तुकड्यातला. म्हणजे सोसलं सगळ्यात जास्त त्यांनी, आणि देणं सगळ्यात कमी त्यांचंच!

काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग स्वतःच तुमच्या चित्रावरून पाच जणांचा करारनामा लिहून आणला, अक्षर सुरेख आहे त्यांचं. आता तुंबायची वाट न पाहता ठरावीक महिन्यांनी जेटिंग होतं. चेंबर उघडायचं काम यंत्र घेऊन आलेल्या माणसांचंच, घरच्या कुणी आत डोकावायचंही नाही, हा तुमचा विषारी वायूबद्दलचा इशाराही त्यांनी करारात घातलाय.

बिल दुरुस्त होऊन आलं. कमी झालेली रक्कम फार मोठी नाही, पण ती कुठून आली हे मला ओळ न् ओळ सांगता येतं.

आणि हो, काका पुढच्या आठवड्यात तुमच्या खिडकीशी येणार आहेत. बागेसाठी वेगळा मीटर घ्यायचाय त्यांना. झाडांना घातलेलं पाणी ड्रेनेजमध्ये जात नाही, हे सध्या ते मलाच समजावून सांगत असतात.

आपला,
बिल आपटणारा