इंजिन गार असताना

पुणे, गुरुवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा नुसतं "बघ, तुझं तू" म्हणाले आणि आईने फोन घेऊन विषय वांग्याच्या भरतावर नेला. तेव्हाच कळलं, गाडीचं प्रकरण तुम्हा दोघांच्याही गळी उतरलेलं नाही. बोलताना मी चिडते, म्हणून लिहिते.

मला हवी आहे ती सेकंड हँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230. बाबा, शेंद्र्याच्या कारखान्यातून पहिल्या ऑक्टाव्हिया जालना रोडवर आल्या, तेव्हा तुम्ही स्कूटर कडेला घेऊन बघत उभे राहायचात. त्याच घराण्यातली ही तापट पोर. 2017 साली आली, देशभरात मोजक्याच गाड्या. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 अश्वशक्ती, आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. मागचं दार काचेसकट उघडतं, म्हणून काही जण तिला सेडान म्हणायलाही तयार नसतात. पण डिकी 590 लिटरची आहे. आईच्या पापडाच्या डब्यांसकट दिवाळी मावेल.

दोन गाड्या बघून नाकारल्यात, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

पहिली पुण्यातच, एका दलालाकडे. मीटरवर 41,000 किलोमीटर. पण ब्रेकच्या पेडलचं रबर एका कडेने गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं डाव्या हाताखाली चकाकलेलं. सर्व्हिसची बिलं मागितली तर "मॅडम, सगळं ऑनलाइन असतं." मग ऑनलाइन दाखवा म्हटलं. दोन दिवसांनी आलेल्या कागदांत 2021 च्या सर्व्हिसला 68,000 लिहिलेलं होतं! हा सगळा वेळ तो माणूस तुमच्या जावयांशी बोलत होता आणि जावयांना त्या गाडीबद्दल एवढंच ठाऊक होतं की ती लाल आहे.

दुसरी गाडी दिसायला देखणी होती. तिथे बाबा, तुमची आठवण आली. 1994 ची ती सेकंड हँड पद्मिनी, जिच्या दाराखाली पत्र्यापेक्षा पुट्टीच जास्त निघाली; त्यानंतर तुम्ही कुणाचीही जुनी गाडी बघायला जाताना फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवायचात. आता रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळतं, तळहाताएवढं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. या गाडीला सगळीकडे 120-130 आणि मागच्या डाव्या अंगाला एकदम 640. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघितला, तर वेल्डिंगची जागा हाताने भरल्यासारखी खडबडीत. मालक म्हणाला, "पार्किंगमध्ये घासली होती." घासलेल्या गाडीचा तळ वेल्ड करावा लागत नाही. मी चहासुद्धा घेतला नाही.

पण पत्र्यापेक्षा मला जास्त धास्ती आहे ती लॅपटॉपची. या गाडीचं इंजिन कंपनीने मुद्दाम जरा आवरून ठेवलेलं असतं. हौशी लोक तिच्या संगणकात नवं गणित भरतात, त्याला रीमॅप म्हणतात, आणि 230 ची अश्वशक्ती तीनशेच्या आसपास जाते. विकायच्या आदल्या आठवड्यात जुनं गणित परत घालायचं, की झालं. गाडी पुन्हा सोज्वळ! म्हणून मी आजूबाजूच्या खुणा शोधते. सायलेन्सरच्या पाइपला नव्याने बसवलेले क्लॅम्प, टर्बोजवळच्या बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जागी नुसता पाइप. टायरही बरंच बोलतात. त्यांच्या अंगावर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे पुढचे टायर दोनदा बदललेले असतील, तर ती सिग्नलवरून कशी सुटत होती ते विचारायलाच नको. रीमॅप म्हणजे पाप नाही हो. पण ती वाढलेली ताकद गिअरबॉक्सने किती दिवस सोसली, हे मला कोणी लिहून देणार नाही.

गिअरबॉक्सवरून शेजारच्या काकांनी तुम्हाला घाबरवलंय, ते अर्धं खरं. त्यांच्या ऐकण्यातल्या तक्रारी सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजीबद्दल, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल असतात. या गाडीत सहा गिअरची आहे, क्लच तेलात बुडालेले. ते तेल आणि फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलायचंच, आणि त्याचं बिल नसेल तर बदललं नाही असंच मी धरते. या इंजिनाची आणखी एक दुखरी जागा म्हणजे थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या पंपाचं प्लॅस्टिकचं घर. तिथून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, झिरपतं आणि वाळलेली गुलाबी पापडी मागे ठेवतं. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊनच जावं लागतं.

आई, आता तुझं खातं. पतपेढीत तू कर्जाच्या फायली जशा वाचायचीस तशा हे कागद वाच. आरसीवर बँकेचा बोजा आहे का. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनसचा आकडा बघ: गाडी आठ वर्षांची आणि बोनस शून्य, तर बहुधा वर्षभरात क्लेम घेतलाय, कशाचा ते विचारायचं. आणि तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, हे दलाल हटकून विसरतात. विमा चौदा दिवसांत माझ्या नावावर करायला अर्ज द्यायचा. चेसिस नंबर मात्र नुसता कागदावर वाचू नकोस, गाडीवर जाऊन ताडून बघ.

खर्चाचंही सांगते. पेट्रोल 95 ऑक्टेनचं लागतं. किमतीखेरीज दोन लाख बाजूला ठेवलेत, पहिल्याच महिन्यात तेलं, टायर आणि ब्रेक यांवर जातील असं गृहीत धरून. वेगाबद्दल वचन मागू नका, खोटं बोलावं लागेल. नगर रस्त्यावर ट्रकला ओलांडताना उलट्या बाजूला कमी वेळ राहावं लागतं, एवढं मात्र खरं.

तर तिसरी गाडी. ती तुमच्याच गावात आहे, गारखेड्यात, एका डॉक्टरांकडे. एमएच-20, नोव्हेंबर 2017 ची नोंद, 52,000 किलोमीटर, सगळी बिलं फायलीत, 18 लाख सांगताहेत. आई नेहमी विचारते तोच प्रश्न मी आधी विचारला: का विकताय? म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, इतक्या खाली बसून उठवत नाही. आई, तुझे गुडघेही एकदा त्या सीटवर बसवून बघू.

मी शनिवारी रात्री पोचते. रविवारी सातला त्यांच्याकडे जायचंय. आधी इंजिन चालू करू नका, असं त्यांना बजावलंय. गरम इंजिन लबाड असतं, इंजिनातल्या टायमिंग चेनची खडखड सकाळच्या पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येते. बाबा, माझ्याकडे यंत्रं आहेत, पण स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून बेअरिंग ओळखणारा कान नाही. डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत, तेव्हा गाडीखाली वाकायचं नाही. ते मी करीन. तुम्ही नुसतं ऐका. आणि ते चुंबक सापडलं तर खिशात ठेवा.

तुमची,
चिमी