नळीच्या आधी बोट

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

आता तुझ्या हातात ड्रेन, म्हणजे साचलेली हवा, रक्त किंवा पाणी बाहेर काढायची नळी, आणि ब्लेड येतील. हाताला चुकीचं वळण लागायच्या आत हे वाच.

सुरुवात छातीच्या ड्रेनपासून, कारण तिथली चूक सगळ्यात महाग पडते. बाजू स्वतः पक्की कर: एक्स-रे पाहा, छाती ठोकून पाहा, स्टेथोस्कोप लाव. टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत कोंडलेली हवा फुप्फुस आणि हृदयाला दाबते ती अवस्था) वाटला तर मात्र एक्स-रेसाठी थांबायचं नाही. रुग्णाचा हात डोक्यामागे घे. पुढे छातीच्या स्नायूची, पेक्टोरॅलिस मेजरची कड, मागे पाठीच्या स्नायूची, लॅटिसिमस डॉर्सायची कड, खाली स्तनाग्राच्या पातळीची रेषा. या त्रिकोणाबाहेर जाऊ नकोस. खाली घसरलीस की डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, आणि त्यापलीकडे यकृत किंवा प्लीहा. श्वास सोडताना डायफ्रॅम किती वर येतो, हे नवशिके हमखास विसरतात.

साधं लिग्नोकेन (जागेवर भूल देण्याचं औषध) वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या वर नको. 60 किलोच्या माणसाला 180 मिलिग्रॅम, म्हणजे 1 टक्क्याचं 18 मिली, पण 2 टक्क्यांचं फक्त 9. व्हायलवरची टक्केवारी स्वतः वाच. दुखतं ते कातडीला, बरगडीच्या आवरणाला आणि प्लुराला, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या पडद्याला. औषध तिथे जास्त सोड. आत जाताना सिरिंजचा दट्ट्या ओढत राहा. हवा किंवा पाणी आलं नाही, तर त्या जागी ड्रेन टाकू नकोस, आधी सोनोग्राफी करून घे.

बरगडीला समांतर 3 सेंटिमीटरचा काप पुरतो. आर्टरी फोर्सेप (बोथट टोकाचा चिमटा) बरगडीच्या वरच्या कडेला धरूनच आत जावा, कारण नस आणि रक्तवाहिन्या खालच्या कडेला लपलेल्या असतात. प्लुरा उघडला की फोर्सेप उघडाच बाहेर काढ आणि मग बोट आत घालून सगळीकडे फिरव. चिकटलेलं फुप्फुस, वर आलेला डायफ्रॅम बोटालाच कळतो, नळीला नाही. म्हणून टोकदार ट्रोकार (नळी आत घुसवायची सळई) कुणी हातात दिला, तरी तो बाजूला ठेव. बरगडी मोडलेली असेल तर बोट जपून, तिची टोकं हातमोजा फाडतात.

रक्तासाठी 28 ते 32 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी घे. शेवटचं छिद्रही छातीच्या आत हवं. ते बाहेर राहिलं की कातडीखाली हवा भरते. ड्रेनला जोडलेल्या बाटलीतली नळी पाण्याखाली 2 सेंटिमीटर, आणि बाटली कायम छातीच्या खाली. श्वासाबरोबर पाणी वरखाली व्हायचं थांबलं, तर नळी दुमडली आहे, गुठळी अडकली आहे किंवा फुप्फुस पूर्ण फुललं आहे. कुठलं ते शोध. बुडबुडे येत असलेली नळी क्लॅम्प करायची नाही, कधीच नाही. साचलेलं पाणी एका वेळी 1.5 लिटरच्या वर काढू नकोस, खोकला किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर त्याआधीच थांब. आकसलेलं फुप्फुस झपाट्यानं फुललं की त्यातच पाणी भरतं. रक्त लगेच 1500 मिली आलं, किंवा सलग दोन-चार तास ताशी 200 मिली येत राहिलं, तर बाटल्या मोजत बसू नकोस, सिनिअरना बोलव. छाती उघडावी लागण्याची शक्यता असते.

गळवाला लोक हलकं काम समजतात, मला ते पटत नाही. जांघेत, मानेत, गुडघ्यामागे सूज असेल तर आधी ठोके लागतात का पाहा, सोनोग्राफी कर. फुगलेल्या धमनीला गळू समजून ब्लेड लावलं की ते रक्त आवरत नाही. पू आम्लधर्मी असतो, त्यामुळे गळवातच दिलेली भूल लागत नाही. ती सभोवती दे. काप सर्वांत मऊ जागी, कातडीच्या रेषांना धरून. खोलवर नसा असतील तर ब्लेड फक्त कातडी आणि फॅशियापुरतं (कातडीखालच्या पडद्यापुरतं), पुढे बंद सायनस फोर्सेप (लांब, बोथट चिमटा) आत घालून उघड. आतले कप्पे बोटानं मोड. तपासणीला पूच पाठव, नुसता स्वॅब (कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलेला नमुना) नको. पोकळीत गॉजचा पॅक सैल भर. ठासून भरलास तर ते बूच होतं. स्तनाच्या गळवावरची कातडी चांगली असेल तर आधी सोनोग्राफीखाली सुईनं पू ओढ, पुन्हा पुन्हा ओढावा लागला तरी चालेल.

जलोदराचं, म्हणजे पोटात साचलेलं पाणी सुईनं काढण्याचं, थोडक्यात. लघवी करवून घे. डाव्या खालच्या बाजूला, रेक्टसच्या (पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूच्या) बाहेर, जुन्या व्रणापासून दूर. सुई घालताना कातडी खाली ओढून धर, म्हणजे नंतर भोक गळत नाही. सिरॉसिसच्या (यकृत निबर होण्याच्या आजाराच्या) रुग्णाचं 5 लिटरहून जास्त पाणी काढणार असशील तर लिटरमागे 8 ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, शिरेतून द्यायचं) लागतं. 10 लिटरला 80 ग्रॅम, म्हणजे 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या चार बाटल्या. त्या वॉर्डात आहेत हे डोळ्यांनी पाहून मगच सुई हातात घे.

तुझे,
बाबा