किती टक्के कुणाचं?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

बारशाचे फोटो मिळाले. फोटोंखाली घरच्या ग्रुपवर बाळाची जी वाटणी चालली आहे, तीही वाचली. नाक आत्याचं, कपाळ तुझ्या आजीचं, रडण्याची पट्टी माझी म्हणे. राग मात्र दोन्ही घरांनी एकमेकांच्या दारात नेऊन ठेवलाय. शेवटी तू वैतागून मला वेगळा मेसेज केलास, "बाबा, तुम्ही जन्मभर माश्या पाळल्यात. एकदाचं सांगून टाका, किती टक्के उपजत आणि किती टक्के संस्कार?" मेसेजमध्ये मावेल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र. बाळ झोपलं की तुकड्या-तुकड्यांनी वाच.

माश्या म्हणजे केळ्यांवर घोंघावणारी बारकी चिलटं, ड्रोसोफिला. आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी वेगळी, तिचा आणि आमचा संबंध नाही. "कॉलेजात काय करता, तर माश्या मारता," असं तुझी आई म्हणायची. खरं तर मारायच्या कमी, जगवायच्याच जास्त. रवा, गूळ आणि अगर-अगर (समुद्री शेवाळापासून मिळणारा, शिजवून गार केला की घट्ट होणारा पदार्थ) एकत्र शिजवायचं, बुरशी धरू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्लाचे थोडे थेंब टाकायचे, बाटल्यांत ओतायचं आणि कापसाचा बोळा लावायचा. बिघडलेल्या शिऱ्यासारखा तो वास माझ्या शर्टाला कायमचा बसला होता. अंड्यापासून माशीपर्यंत दहा-बारा दिवस. त्यामुळे एका सत्रात विद्यार्थ्यांना आजी, आई आणि नात अशा तिन्ही पिढ्या दाखवता यायच्या.

या दोन-अडीच मिलिमीटरच्या जिवाचं प्रणयाराधन तू पाहिलेलं नाहीस, म्हणून आधी तेच सांगतो. नर मादीकडे तोंड करून उभा राहतो. ती चालली की मागे लागतो. पुढच्या पायाने तिच्या पोटाला हलकेच टपली मारतो. ती टपली म्हणजे चव घेणं, कारण माशीच्या पायांना चव कळते. मग एकच पंख, तिच्या बाजूचा, आडवा पसरतो आणि थरथरवतो. हे त्याचं गाणं. कानाला ऐकू येत नाही, पण संवेदनशील मायक्रोफोन लावला की टक-टक-टक असे ठोके मिळतात. दोन ठोक्यांमध्ये साधारण ३५ मिलिसेकंद. जवळच्याच दुसऱ्या जातीत हे अंतर वेगळं असतं, आणि मादी ते ओळखते. त्यानंतर चाटणं, पाठीवर चढण्याचा प्रयत्न. तिला नको असेल तर ती लाथ मारते किंवा सरळ निघून जाते.

आता गंमत पाहा. कोषात असतानाच तो नर ओल्या कुंचल्याने उचलायचा आणि वेगळ्या नळीत ठेवायचा. तो बाहेर येतो तेव्हा त्याने दुसरी माशी जन्मात पाहिलेली नसते. चार-पाच दिवस एकटा राहू द्यायचा, आणि मग मादी आत सोडायची. थोड्याच वेळात तोंड वळवणं, टपली, पंख, सगळं त्याच क्रमाने. प्रात्यक्षिकाला दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, ह्याला शिकवलं कुणी?"

कुणी नाही. उपजत म्हणतात ते हेच. मग त्याचं जनुक कोणतं, हा पुढचा प्रश्न. १९६३ साली अमेरिकेत काम करणाऱ्या कुलबीर गिल या भारतीय संशोधकाने माश्यांचा असा एक वाण नोंदवला, ज्यातले नर माद्यांइतकेच नरांच्याही मागे लागायचे आणि त्यांना संतती होत नसे. पुढे जेफ्री हॉल यांनी त्याचा पाठपुरावा केला. (शरीरातल्या घड्याळाच्या कामासाठी २०१७ चं नोबेल मिळालं, त्या तिघांपैकी एक हे.) त्या जनुकाला फ्रूटलेस हे नाव पडलं. १९९६ मध्ये जनुक हाती लागलं आणि त्याची करामत कळली. नर आणि मादी दोघांतही ते असतंच. फक्त प्रथिन बनवण्यासाठी पेशी जनुकाची जी प्रत (आरएनए) उतरवते, ती कापून जोडायची रीत दोघांत वेगळी. नराच्या रीतीने जोडलं तर एक खास प्रथिन तयार होतं, मादीत होत नाही. आणि हे प्रथिन असतं कुठे, तर सुमारे दोन हजार चेतापेशींत. माशीच्या अख्ख्या मेंदूत एक लाख एकोणचाळीस हजारांवर चेतापेशी आहेत, हे माशीच्या मेंदूच्या २०२४ च्या नकाशाने मोजून दाखवलंय.

२००५ मध्ये व्हिएन्नात एब्रू देमिर आणि बॅरी डिक्सन यांनी मादीत हे जनुक नराच्या रीतीने जोडायला लावलं. ती मादी दुसऱ्या मादीपुढे पंख पसरून गाऊ लागली. उलट, नरात मादीची रीत घातली तर तो जवळजवळ गप्प झाला. वर्तमानपत्रांना याहून जास्त काय हवं? एक जनुक म्हणजे एक वर्तन, खटका दाबला की दिवा लागतो. मीही हा प्रयोग वर्गात मोठ्या थाटात सांगायचो. प्रयोग सुंदरच आहे, त्यातलं एक अक्षरही खोटं ठरलेलं नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्या पुढच्या भागात आहे.

२०१४ मध्ये युफेंग पान आणि ब्रूस बेकर यांनी फ्रूटलेसचं ते नर-प्रथिन अजिबात नसलेले नर घेतले. एकटे वाढवले, मादी समोर ठेवली. काहीही नाही. समोर मादी आहे की भिंत, सारखंच. इथवर अपेक्षेप्रमाणेच. मग तसेच नर काही दिवस इतर माश्यांच्या सोबतीत ठेवले आणि पुन्हा तपासले. ते प्रणयाराधन करू लागले! ज्या जनुकावाचून हे होऊच शकत नाही असं आपण धरून चाललो होतो, ते जनुक निकामी असताना. शिवाय ज्यांच्या सोबतीत राहिले त्यांच्याच मागे लागले, मग ते नर असोत, माद्या असोत की दुसऱ्या जातीच्या माश्या. आणि हा गुण निदान आठवडाभर टिकला. माशी जगते दीड-दोन महिने, म्हणजे तिच्या हिशेबात आठवडा थोडाथोडका नाही.

तुझी आजी म्हणायची ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. अगदी तेच. फक्त प्रयोग इथे थांबत नाही. हा गुण लागण्यासाठी डबलसेक्स नावाच्या दुसऱ्या जनुकाचं नर-प्रथिन लागतं. तेही नसेल, तर कितीही दिवस सोबतीत ठेवा, नर ढिम्म. म्हणजे गुण लागायलासुद्धा आधी वाण लागतो, आजीच्या म्हणीत तेवढं यायचं राहून गेलं.

आता तुझे टक्के काढू. साध्या नराला संगत नसली तरी त्याला सगळं येतं, मग म्हणायचं का संगतीचा वाटा शून्य? फ्रूटलेस नसलेल्या नराला संगतीवाचून काहीच येत नाही, मग संगतीचा वाटा शंभर? आणि डबलसेक्सही काढून घेतलं की तीच संगत पुन्हा शून्यावर. वर्तन एकच, संगत तीच, पण तिचा वाटा प्रत्येक माशीगणिक बदलतोय. पुस्तकांत टक्केवारी असते ती समूहातल्या फरकांची. शंभर माश्यांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांतल्या फरकाने समजावता येतो, एवढंच ती सांगते. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. एका माशीचे, किंवा एका बाळाचे, असे कप्पे पडत नाहीत.

मला या प्रयोगात आणखी एक गोष्ट फार आवडते. माश्या एकेकट्या ठेवल्या की एकत्र, ही बाब शोधनिबंधाच्या पद्धतींच्या भागात एका ओळीत उरकते. कुणी ती वाचत नाही. इथे तर सगळा निकालच त्या ओळीत होता. आमच्या बाटल्यांमध्ये पन्नास-पन्नास माश्या दाटीने राहायच्या आणि त्याला आम्ही परिस्थिती मानतच नव्हतो. परिस्थिती म्हणजे तापमान, उजेड आणि खाद्य, अशी आमची समजूत.

खाद्याचं म्हणशील तर त्याचंही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८० मध्ये मार्ला सोकोलोव्स्की यांना माशीच्या अळ्यांचे दोन स्वभाव आढळले. काही अळ्या खाता-खाता भटकत लांब जातात, काही जागच्या जागी बसून चरतात. निसर्गात भटक्या साधारण सत्तर टक्के, बैठ्या तीस. फरक एकाच जनुकातला. पण भटक्या अळीला थोडा वेळ उपाशी ठेवलं की तीही बैठी होते. जनुक तेच, पोट रिकामं.

वासाचं काम तर आपल्या मुंबईतही झालंय. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबेद सिद्दीकी आणि मूळच्या गोमंतकीय घराण्यातल्या, केनियात वाढून डब्लिनला शिकून आलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी ७० च्या दशकात वास-चव न ओळखणारे वाण शोधून काढायला सुरुवात केली. माशीच्या नाकाची जनुकं शोधण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. पुढे त्याच परंपरेतून २०११ मध्ये बंगळुरू आणि डब्लिनच्या गटांनी दाखवलं की ज्या कार्बन डायऑक्साइडच्या वासापासून माशी जन्मतःच दूर पळते, त्यातच तिला सलग चार दिवस ठेवलं की पळणं कमी होतं. मेंदूतल्या वासाच्या केंद्रात दाबून धरणाऱ्या चेतापेशींचा जोर तेवढा वाढलेला असतो. उपजत भीती पुसली जात नाही, तिच्यावर वजन ठेवलं जातं.

तोच प्रकार प्रणयाच्या बाबतीतही. आधीच समागम झालेल्या मादीने तासभर झिडकारलं की नर पुढचे काही तास इतर माद्यांच्या बाबतीतही हात आखडता घेतो. सीगल आणि हॉल यांनी हे १९७९ मध्येच दाखवलं होतं. उपजत वागण्याला शिकणं चालत नाही, अशी आपली उगाच समजूत. ते दोघे एकाच तारेवर चालतात.

आता राहिला राग, ज्यावरून ग्रुपवर महाभारत चाललंय. एकटे वाढवलेले नर सोबतीत वाढवलेल्यांपेक्षा जास्त भांडखोर निघतात, हेही माश्यांत सिद्ध झालंय. पण यावरून बाळाबद्दल काही ठरवू नकोस, आणि तुझ्या सासूबाईंना तर हे वाक्य मुळीच वाचून दाखवू नकोस. तान्हं बाळ भुकेने रडतं, पोट दुखलं म्हणून रडतं. त्याला राग म्हणायची घाई मोठ्यांनाच. 'उपजत बुद्धिमत्ता वाढवा' अशा संस्कारवर्गांच्या ज्या जाहिराती तू पाठवल्यास, त्यांनाही माझा विरोध याच कारणासाठी. वाण आणि गुण एकमेकांत कसे गुंततात हे कळायला एवढुशा माशीत पन्नास वर्षं लागली, आणि हे लोक तीन महिन्यांत हमी देतात. पैसे घालू नकोस.

ज्या निकालाने मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं तो शेवटी ठेवलाय. हार्वर्डमध्ये बेंजामिन द बिव्होर यांच्या गटाने पिढ्यान्‌पिढ्या अंतर्विवाह करून जनुकांनी जवळजवळ एकसारख्या केलेल्या माश्या घेतल्या. खाद्य तेच, तापमान तेच, बाटली तीच. फाटा असलेल्या छोट्या बोळात एकेकीला सोडून ती दर वेळी कुठे वळते ते मोजलं. काही माश्या हट्टाने डावीकडे वळत, काही उजवीकडे, आणि ही खोड दिवसेंदिवस टिकली. मग डावखुऱ्या माश्यांचा आपसात संकर केला. पिल्लं डावखुरी निघाली नाहीत, पुन्हा सरमिसळच. म्हणजे खोड जनुकांतून आलेली नाही, परिस्थिती तर एकच होती. मग आली कुठून? मेंदू घडताना चेतापेशींचे धागे कुठे, कसे जुळतात यात थोडी यदृच्छा, म्हणजे निव्वळ योगायोग, असते. २०२० मध्ये दृष्टीशी संबंधित काही चेतापेशींच्या जोडणीतला डाव्या-उजव्यातला फरक आणि त्या माशीची चालण्याची खोड यांचा थेट संबंध दुसऱ्या एका गटाने दाखवला.

तेव्हा तुमच्या वाटणीत हा तिसरा हिस्सेदारही धरा. तो ना आमच्या घरचा, ना तुझ्या सासरचा.

पुढच्या महिन्यात येतोय. येताना भिंग आणतो. एक केळं दोन दिवस ओट्यावर उघडं राहू दे, चिलटं आपोआप जमतील. नराच्या पुढच्या पायावर काळा कंगवा असतो, पोटाचं टोक गडद असतं. एकदा ओळखता आलं की नुसत्या डोळ्यांनीही जमतं. आईने डिंकाचे लाडू केले आहेत, ते उद्या कुरिअरने निघतील. रोज एक खा, आणि दुपारी बाळ झोपलं की तूही झोप.

तुझे,
बाबा